तुम्हाला ठाऊकच आहे

पेन्सिल हातात घेऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची मला जुनी खोड आहे. नव्या करारातलं, थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलेलं पहिलं पत्र मी एकदा असंच घेऊन बसलो होतो. रविवारी संदेश द्यायचा होता, हाताशी वेळ थोडा होता, आणि दुसऱ्या अध्यायातून तीन मुद्दे काढून मोकळं व्हावं असा माझा सरळ हिशेब होता. मुद्दे निघाले नाहीत. पेन्सिल मात्र त्याच त्या शब्दांखाली जायला लागली. ‘तुम्हाला ठाऊक आहे.’ पहिल्या वचनात आहे, दुसऱ्यात आहे, पाचव्यात आहे, अकराव्यात आहे. मध्येच नवव्यात ‘तुम्हाला आठवतं’, आणि दहाव्यात ‘तुम्ही साक्षी आहात’. बारा वचनांत सहा वेळा. मग चाळाच लागला. नुसतं ‘तुम्हाला ठाऊक आहे’ एवढंच धरलं, तरी पाच अध्यायांच्या ह्या छोट्याशा पत्रात ते नऊ वेळा येतं.

काही माणसांना दर दोन वाक्यांनी ‘तुम्हाला तर माहितीच आहे’ म्हणायची सवय असते. आपण ती लकब म्हणून सोडून देतो. इथे ती लकब वाटत नाही. पौलावर काहीतरी बालंट आलेलं आहे, निदान येण्यासारखी परिस्थिती आहे, आणि बचावासाठी त्याच्याजवळ ना शिफारसपत्र आहे ना पदवी. आहेत ती माणसं. आपल्याला जवळून पाहिलेली माणसं. त्यांच्याच आठवणीवर तो सगळा भार टाकून मोकळा होतो.

परिस्थिती अशी होती. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहरात छड्यांचा मार खाऊन, तुरुंगात रात्र काढून थेस्सलनीकात आले. दोन शहरांत साधारण दीडशे किलोमीटरचं अंतर. थेस्सलनीका म्हणजे मासेदोनिया प्रांताची राजधानी, मोठं बंदर, आणि एग्नातिया ह्या रोमन हमरस्त्यावरचं गाव. कस्सांदरनं इसवी सनापूर्वी ३१५ च्या सुमारास ते वसवलं आणि त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं. ती थोरल्या अलेक्झांडरची सावत्र बहीण. इथल्या यहुद्यांच्या सभास्थानात पौल तीन शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे तीन शनिवार, बोलला, असं नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. काही लोकांनी विश्वास ठेवला, काहींचा जळफळाट झाला, जमाव जमला. ज्याच्या घरी हे उतरले होते त्या यासोनाला ओढत शहराच्या अधिकाऱ्यांपुढे नेलं. ‘जगाची उलथापालथ करणारे इथेही आले आहेत’ ही ती सुप्रसिद्ध तक्रार. यासोनाकडून जामीन घेतला आणि सोडलं. त्याच रात्री मंडळीनं पौलाला आणि सीलाला बिरुया गावाकडे काढून दिलं.

(ह्या अधिकाऱ्यांसाठी ‘कृत्यां’मध्ये ‘पोलितार्ख’ असा शब्द आहे. लेखकानं तो मनानंच बनवला असावा, अशी शंका पूर्वी घेतली जायची. पुढे त्याच शहराच्या एका जुन्या वेशीवरच्या लेखात तो खणखणीत कोरलेला सापडला. तो दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असे दगड मला फार आवडतात.)

आता मागे राहिलेल्यांच्या जागी बसून पाहावं. एक वक्ता येतो, काही आठवडे, फार तर काही महिने राहतो, आपलं आयुष्य उलटंपालटं करतो, आणि गडबड झाल्यावर रातोरात नाहीसा होतो. जामीन यासोनाचा. शेजाऱ्यांचे टोमणे आपल्या वाट्याला. असे फिरते वक्ते त्या रस्त्यावर काही कमी नव्हते. तत्त्वज्ञानाच्या नावाखाली लोकांना आवडेल तेच बोलणारे, टाळ्या आणि पैसा गोळा करणारे. पुढे काही दशकांनी डायो क्रिसोस्टोम नावाच्या ग्रीक वक्त्यानं आलेक्झांड्रियाच्या लोकांपुढे अशांचा खरपूस समाचार घेतलेला आहे. खुशामत, पैसा, नावलौकिक ही त्यांच्यावरच्या आरोपांची ठरलेली यादी. पौलाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला की हीच यादी दिसते. आम्ही खुशामत केली नाही, लोभ झाकण्यासाठी सोंग घेतलं नाही, माणसांकडून मानमरातब मागितला नाही.

पाचव्या वचनात तर फार बारीक काम आहे. तिथे दोन नकार आहेत आणि दोन वेगवेगळे साक्षीदार. खुशामत केली नाही, ‘हे तुम्हाला ठाऊक आहे.’ लोभ नव्हता, ‘देव साक्षी आहे.’ खुशामत कानाला ऐकू येते, तिला माणसं साक्ष देऊ शकतात. लोभ आत असतो. सोंग चांगलं वठलं तर तो शेजारी बसलेल्यालाही दिसायचा नाही. म्हणून तिथे पौल माणसांना साक्षीला ओढतच नाही. ‘माझ्या मनात काय होतं ते तुम्ही सांगा’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर नसता बोजा. एवढा विवेक मी फार थोड्या लोकांत पाहिला आहे. आम्ही बहुतेक सेवक उलटं करतो. जे दिसतं त्याबद्दल ‘देव जाणतो’ म्हणून हात झटकतो, आणि जे दिसत नाही त्याची प्रशस्तिपत्रं लोकांकडून मिळवतो.

हे पत्र ग्रीसमधल्या करिंथ शहरातून गेलं, इसवी सन ५० किंवा ५१ च्या सुमारास. साल इतकं नेमकं सांगता येतं तेही एका दगडामुळेच. डेल्फीला सम्राट क्लौद्याच्या एका पत्राचा शिलालेख तुकड्यातुकड्यांनी मिळाला आहे. त्यात गल्लियोचं नाव आहे, आणि अखया प्रांताचा अधिपती असलेल्या ह्याच गल्लियोसमोर करिंथात पौलाला उभं केलं होतं. म्हणजे येशूच्या वधस्तंभाच्या घटनेला जेमतेम वीस वर्षं झालेली. नव्या करारातलं बहुधा हे सगळ्यांत जुनं लिखाण. काहीजण तो मान गलतीकरांच्या पत्राला देतात, तो वाद इथे नको. मला गंमत वाटते ती वेगळीच. ख्रिस्ती सेवेबद्दल आपल्या हातात असलेला हा इतका जुना कागद, आणि त्याच्या पहिल्या ओळीत कसलंही पद नाही. ‘पौल, सिल्वान आणि तीमथ्य यांच्याकडून.’ बस. (सिल्वान म्हणजे तोच सीला, आणि तीमथ्य हा त्यांचा तरुण सोबती.) रोमकरांना, करिंथकरांना, गलतीकरांना लिहिताना पौल स्वतःला प्रेषित म्हणवतो. इथे तीन नावं, ओळीनं, बिनपदवीची. ‘प्रेषित’ हा शब्द येतो तो पुढे, दुसऱ्या अध्यायात, आणि तोही अनेकवचनात, ‘हक्क होता पण वापरला नाही’ हे सांगण्यापुरता. आमच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेवर नावाआधी किती अक्षरं असतात ते आठवून मला जरा हसू आलं. माझ्याही नावाआधी दोन होती.

त्या हक्काच्या वाक्यात एक शब्द आहे, ‘बारोस’. त्याचा अर्थ वजन. आम्ही प्रेषित म्हणून तुमच्यावर वजन टाकू शकलो असतो, असं पौल म्हणतो. ग्रीकमध्ये ह्या वजनाला दोन पदर आहेत, एक प्रतिष्ठेचा आणि एक खर्चाच्या बोज्याचा. टीकाकार ह्यातला कुठला घ्यायचा म्हणून पानंच्या पानं लिहितात. मराठी वाचकाला एवढी अडचण पडू नये. ‘त्यांचं वजन आहे’ आणि ‘त्यांचं वजन आमच्यावर पडलं’ ही दोन्ही वाक्यं आपण एकाच माणसाबद्दल बोलू शकतो, आणि पुष्कळदा पहिल्यामुळेच दुसरं घडतं. दोनच वचनांनंतर त्याच धातूचा शब्द पुन्हा येतो. तुमच्यापैकी कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करत तुम्हाला सुवार्ता सांगितली.

काम कुठलं, ते ‘कृत्यां’च्या अठराव्या अध्यायात सांगितलं आहे. राहुट्या करण्याचं. चामडं कापायचं, शिवायचं, दाभणानं भोकं पाडायची. कापडही असेल. बोटांना घट्टे पडणारं काम. सुशिक्षित रोमन माणसाला ह्या कामाबद्दल काय वाटायचं ते रोमन लेखक सिसेरोनं शंभरेक वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. कारखान्यात स्वतंत्र माणसाला शोभेल असं काहीच असू शकत नाही, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. त्या समाजात पौल हातात दाभण घेऊन बसला होता आणि देवाच्या राज्याबद्दल बोलत होता. तो व्यासपीठावर किती वेळ होता कोण जाणे. त्या शहरातल्या बहुतेक लोकांनी त्याला पाहिलं असेल ते वाकून काम करताना. ‘श्रम आणि कष्ट’ असे दोन शब्द तो जोडीनं वापरतो, आणि ‘रात्रंदिवस’ म्हणताना रात्र आधी. यहुदी दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो म्हणून असेल. मला आपलं वाटतं, उजाडायच्या आधी कामाला बसावं लागत असेल म्हणूनही असेल.

इथे एक खोच सांगितलीच पाहिजे, कारण हे वचन फार सोयीनं वापरलं जातं. पाळकाचा पगार वाढवायचा विषय निघाला की अर्थसमितीतल्या कुणालातरी पौलाच्या राहुट्या हमखास आठवतात. ‘तो बघा, स्वतः कमावून सेवा करायचा!’ खरं आहे. पण ज्या पौलानं हे लिहिलं त्यानंच पुढे करिंथकरांना लिहिलं, की सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी अशी प्रभूचीच आज्ञा आहे. शिवाय थेस्सलनीकात असताना फिलिप्पैकरांनी त्याला एकदा नव्हे, दोनदा मदत पाठवली होती, आणि त्यानं ती घेतली. हक्क सोडला तो त्यानं आपण होऊन, त्या शहरात, त्या लोकांसाठी, कारण तिथे फुकट्या वक्त्यांची शंका हवेतच होती. सोडणं सेवकाच्या हातात होतं. दुसऱ्याच्या हक्काचं सोडचिठ्ठीपत्र समितीनं लिहायचं, हे त्या वचनात कुठेही नाही.

आता त्या सातव्या वचनाशी येतो. माझा सगळा आठवडा त्यानंच खाल्ला.

माझ्याजवळच्या मराठी शास्त्रात तिथे पौल म्हणतो, की आपल्या मुलाबाळांचं लालनपालन करणाऱ्या दाईसारखे आम्ही तुमच्यामध्ये सौम्य होतो. ‘सौम्य’ ह्याला ग्रीक शब्द ‘एपिऑई’. पण काही अत्यंत जुन्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात आणि सिनाई हस्तलिखिताच्या मूळ लेखनात, तिथे ‘नेपिऑई’ आहे. एका ‘न’चा फरक. नेपिऑई म्हणजे तान्ही बाळं. आणि आधीचा शब्द आहे ‘एगेनेथेमेन’, म्हणजे ‘आम्ही झालो’. तोही ‘न’नंच संपतो. त्या काळी शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. एगेनेथेमेनएपिऑई. एगेनेथेमेननेपिऑई. दिव्याच्या उजेडात नक्कल करणाऱ्यानं एक ‘न’ दोनदा लिहिला, की दोनांतला एक गाळला? कुणी म्हणतं, पौल एकाच दमात ‘आम्ही बाळं’ आणि ‘आम्ही दाई’ कसा म्हणेल, म्हणून ‘सौम्य’च बरोबर. दुसरे म्हणतात, वाक्य अवघड वाटलं म्हणूनच कुणीतरी ते सोपं केलं असणार, म्हणून ‘बाळं’च मूळ.

मला निवाडा करायची ऐपत नाही, पण ओढ दुसऱ्या बाजूला आहे. त्याचं कारण ह्याच अध्यायात आहे. सातव्या वचनात दाई. अकराव्यात बाप, एकेका मुलाला वेगळं घेऊन समजावणारा. सतराव्यात तर पौल म्हणतो, तुमच्यापासून ताटातूट झाल्यावर आम्ही पोरके झालो. तिथला शब्द खरोखर अनाथ होण्याचा आहे. बाप दूर गेला तर पोरकं मूल होतं. इथे बापच म्हणतो, मी पोरका झालो. उपमा जागेवर ठेवायला पौलाला जमत नाही, आणि मला वाटतं त्याला त्याची फिकीरही नाही. माणसांशी त्याचं जे नातं जुळलं होतं ते एका उपमेत मावत नव्हतं. असा माणूस एका वाक्यात बाळ आणि दाई दोन्ही झाला तर मला नवल वाटत नाही.

आणि ती दाईसुद्धा नीट पाहावी. मूळ शब्द अंगावर पाजणाऱ्या बाईचा आहे. पगारावर दुसऱ्याची मुलं पाजणाऱ्या बायका त्या जगात घरोघरी होत्या. पण पौल म्हणतो, ‘आपल्या स्वतःच्या’ मुलांना. ज्या बाईचं काम दुसऱ्यांची मुलं सांभाळण्याचं आहे ती घरी येऊन आपलं पोर छातीशी घेते, तेव्हा ती काही काम करत नसते. हात तेच, पाजणं तेच. सवयीनं सेवा करणाऱ्या आम्हा लोकांना ह्या एका शब्दात ‘आपल्या स्वतःच्या’ एवढंच फार टोचतं.

लगेच आठवं वचन आहे. आम्ही तुम्हाला नुसती देवाची सुवार्ताच नव्हे तर आपला जीवही द्यायला तयार होतो, इतके तुम्ही आम्हाला प्रिय झाला होता.

इथे पेन्सिल खाली ठेवली. मला एक खोली आठवली.

त्याआधी महिनाभरापूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतल्या एका आजींचे यजमान गेले होते. अंत्यविधीच्या दिवशी मी गावात नव्हतो, म्हणून चार-पाच दिवसांनी भेटायला गेलो. त्या आठवड्यात अशा भेटी बऱ्याच होत्या, त्याच दिवशी आणखी दोन. खोलीत आजी, त्यांची नात, आणि भिंतीला टेकवलेली काठी. जिची आता कुणाला गरज नव्हती आणि जी हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी बसलो, विचारपूस केली, स्तोत्र वाचलं, डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थना चांगली झाली, असं मला तेव्हा वाटलं. शब्द येत होते. आजींनी ‘आमेन’ म्हटलं. मी निघालो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर माझ्या ध्यानात आलं, की प्रार्थनेत मी दिवंगताचं नाव चुकीचं घेतलं. एकदा नाही, दोनदा. ते नाव त्याच दिवशी सकाळी ज्या घरी गेलो होतो तिथल्या गृहस्थांचं होतं.

परत वर जायला पंधरा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. पुढच्या घरी उशीर होईल, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. आणि त्याहून खोल एक हिशेब होता. आजींना ऐकू कमी येतं, कदाचित त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

सुवार्ता मी दिली होती. स्तोत्र बरोबर होतं, पुनरुत्थानाची आशा बरोबर होती, एकही शब्द शास्त्राबाहेरचा नव्हता. जीव तेवढा दिला नव्हता. तो पुढच्या घरी जायच्या घाईत होता.

रविवारी मी तोच अध्याय वाचायला उभा राहिलो. आजी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. दहाव्या वचनापर्यंत आलो, ‘तुम्ही साक्षी आहात, आणि देवही आहे’, आणि पुढचं वाचता येईना. पौलाला हे वाक्य आधार होतं. मला ते समन्स वाटलं. ठाऊक असणं दोन्ही बाजूंनी असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसांना मी काय बोललो ते आठवत नसेल. मी कुणाचं नाव विसरलो ते त्यांना बरोबर आठवतं.

संदेश कसाबसा संपवला. मंगळवारी आजींकडे गेलो, ह्यावेळी दुसरीकडे कुठे जायचं न ठेवता. सांगितलं. आजी हसल्या. म्हणाल्या, ‘अहो, मला तेव्हाच कळलं होतं. पण ह्यांनाही कधी कुणाचं नाव लक्षात राहायचं नाही. माझ्या भावाला चाळीस वर्षं दुसऱ्याच नावानं हाक मारली. म्हटलं, चला, फिट्टमफाट झाली.’ मग त्या बराच वेळ यजमानांबद्दल बोलल्या, आणि मी ऐकलं. प्रार्थना त्या दिवशी त्यांनी केली.

ह्यातून मी सुधारलो वगैरे म्हणणार नाही. आता भेटीला जाताना खिशात चिठ्ठी असते, एवढंच. तीमथ्याकडेही अशी चिठ्ठी असती तर बरं, असा एक खोडकर विचार येतो. कारण पौलानं अथेनैमधून, म्हणजे अथेन्समधून, त्याला एकट्याला परत थेस्सलनीकात पाठवलं होतं, आणि तो करिंथात परत येईपर्यंत पौलाच्या जिवात जीव नव्हता. तिसरा अध्याय म्हणजे ह्या काळजीचा अध्याय. ‘राहवेना’ असं पौल दोनदा म्हणतो. मोठा सिद्धान्तकार म्हणून आपण ज्याला ओळखतो तो माणूस इथे वाटेकडे डोळे लावून बसला आहे. शेवटी तीमथ्य येतो आणि बातमी चांगली निघते. ते टिकून आहेत, आणि त्यांना तुमची आठवण आहे, तुम्हाला भेटायची ओढ आहे. ही बातमी ‘आणली’ ह्यासाठी पौल जे क्रियापद वापरतो ते सुवार्ता सांगण्याचं. एरवी ते त्याच्या लेखणीतून ख्रिस्ताच्या सुवार्तेसाठीच येतं. ‘तुमची आठवण काढतात’ हे ऐकून त्याला तो शब्द वापरावासा वाटला. आणि पुढे म्हणतो, तुम्ही प्रभूमध्ये स्थिर आहात, तर आता आम्ही जगलो.

एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करता येत नाही. त्या सुंदर दुसऱ्या अध्यायातच, चौदा ते सोळा ह्या वचनांत, यहुद्यांबद्दल फार कडू शब्द आहेत. पौल स्वतः यहुदी होता आणि नुकताच मार खाऊन आला होता, हे खरं. ती वचनं नंतर कुणीतरी घातली, असंही काही अभ्यासक म्हणतात. पण ती कुणीही लिहिलेली असोत, पुढच्या शतकांत ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या आडून यहुद्यांचा जो छळ केला त्याचा हिशेब आपल्याकडेच आहे. व्यासपीठावरून हा भाग गाळून पुढे उडी मारणारे मी पाहिले आहेत. मीही मारली आहे. विश्वासू सेवेबद्दल बोलायचं आणि अवघड वचन आलं की पान उलटायचं, हे काही जमणारं नाही. समोरचे लोक पुस्तक उघडून बसलेले असतात.

पाचव्या अध्यायातलं चौदावं वचन मला वैद्याच्या चिठ्ठीसारखं वाटतं. शिस्त सोडणाऱ्यांना बजावा, खचलेल्यांना धीर द्या, दुर्बलांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेनं वागा. पहिला शब्द रांग मोडणाऱ्या सैनिकासाठी वापरायचा, दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘लहान जिवाचा’. म्हणजे औषधं वेगवेगळी. आमची गल्लत इथे होते. खचलेला माणूस प्रार्थनेला येईनासा झाला की त्याला बजावायला जातो, आणि ज्याला बजावायला हवं त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, कारण त्याचं मंडळीत वजन असतं. पुन्हा तेच वजन. सहनशीलता तेवढी सगळ्यांना सारखी, तिला निवड नाही. आणि हे सांगितलं आहे कुणाला? बाराव्या वचनात पुढाऱ्यांचा उल्लेख येऊन गेला आहे, पण चौदावं वचन ‘बंधूंनो’ म्हणून सुरू होतं. सगळ्यांना. त्या दिवशी आजींनी माझ्या बाबतीत हेच वचन पाळलं होतं, चिठ्ठीवाचून.

ज्यानं सगळं पत्रभर ‘आम्ही तुमच्यासाठी हे केलं, ते केलं’ सांगितलं, तो पंचविसाव्या वचनात हात पसरतो. बंधूंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा. मूळ ग्रीकमध्ये चार-पाच शब्दांचं वाक्य. पुढचं लगेच सुरू.

आणि मग शेवटून दुसऱ्या वचनात पौल अचानक कडक होतो. एक-दोन जागा सोडल्या तर सबंध पत्र ‘आम्ही, आम्ही’ करत आलेलं, इथे एकदम ‘मी’. प्रभूची शपथ घालून सांगतो, हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. त्या काळी पत्र बहुतेकांपर्यंत कानांनीच पोहोचायचं. कुणाचं तरी घर असेल, कदाचित यासोनाचंच. दिवसभराचं काम उरकून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली असतील. अध्याय नाहीत, वचनांचे आकडे नाहीत, ते शेकडो वर्षांनी येणार. वाचणारा त्या सलग अक्षरांतून वाट काढत येतो. आमचे श्रम आणि कष्ट तुम्हाला आठवतात. आम्ही रात्रंदिवस काम करत होतो. तुम्ही साक्षी आहात.

त्या खोलीत पौलाच्या शेजारी बसून कातडं ताणून धरलेला कुणीतरी असणारच. ज्यानं त्याचा आवाज चढलेला ऐकला असेल, त्याला दमून पेंगताना पाहिलं असेल, त्यानं पैसे मागितले की नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असेल, असा कुणीतरी. जामीन भरलेला यासोनही बसला असेल. ‘छे, असं काही नव्हतं’ एवढं म्हणायला त्यांच्यातला एक पुरे होता.

पत्र त्यांनी जपून ठेवलं. दुसऱ्यांना नकलून दिलं.